पॉलिमर समजायचं असेल तर आधी टोकं मोजा

एम.एस्सी. भाग १ ला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "सर, प्रॅक्टिकलला स्टायरीनचं बल्क पॉलिमरायझेशन होतं. वेळ कमी होता म्हणून आमच्या ग्रुपने बेंझॉइल पेरॉक्साइड सांगितल्याच्या चौपट घातलं आणि बाथचं तापमानही ६० ऐवजी ९० अंश ठेवलं. पॉलिमर झटपट झालं. पण त्याची फिल्म काचेवरून सोडवताना चुरा झाला. शेजारच्या ग्रुपची फिल्म अख्खी निघाली. मटेरियल तर एकच ना? दुसरं, नायलॉनमध्ये ९८ टक्के रिअ‍ॅक्शन झाली तरी 'कमी झाली' असं का म्हणतात? आणि मॉलिक्युलर वेटच्या दोन-दोन सरासऱ्या कशाला? सूत्रं पाठ आहेत, पण एकमेकांशी जुळत नाहीत."

"मटेरियल तर एकच ना?" इथेच गाडं अडलंय. बेंझीन म्हटलं की बेंझीन. एका बाटलीतलं आणि दुसऱ्या बाटलीतलं, शुद्ध असेल तर सारखंच. पॉलिस्टायरीन हे तसं एका पदार्थाचं नाव नाही. ते एका घराण्याचं नाव आहे. शंभर दुव्यांची साखळी तेही पॉलिस्टायरीन, पाच हजार दुव्यांची तेही पॉलिस्टायरीन, आणि तुझ्या परीक्षानळीत या सगळ्यांची सरमिसळ. तेव्हा 'काय बनलं' यापेक्षा 'किती लांब बनलं' हा प्रश्न पॉलिमरवाल्याला आधी पडतो.

लांबी ठरते टोकांवरून. मी तीसेक वर्षं पॉलिमरच्या धंद्यात आहे, आधी पॉलिएस्टर, मग पॅकेजिंग. नवीन मुलं आली की त्यांना पहिल्या दिवशी एकच सांगतो: सूत्र नंतर, आधी टोकं मोजा. सरळ साखळीला टोकं दोनच. म्हणजे भांड्यातली टोकं मोजून दोनने भागलं की साखळ्यांची संख्या आली, आणि एकूण वजनाला त्या संख्येने भागलं की सरासरी मॉलिक्युलर वेट आलं. तुझे तिन्ही प्रश्न याच हिशोबाचे आहेत.

लांबीने एवढं काय बिघडतं? मेणबत्ती घे. पॅराफिन मेण म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या सरळ साखळ्या, साधारण वीस ते चाळीस कार्बनच्या. नखाने ओरखडलं तरी निघतं. शेतात घालतात तो काळा एचडीपीई (पॉलिएथिलीनचाच एक प्रकार) पाइप रासायनिकदृष्ट्या तोच माल, फक्त साखळीत हजारो कार्बन. आणि तीच साखळी लाखाच्या वर कार्बनपर्यंत नेली की जे पॉलिएथिलीन मिळतं ते बदललेल्या गुडघ्याच्या सांध्यात वर्षानुवर्षं घासलं जातं आणि टिकतं. अणू तेच, बंध तेच, फरक लांबीचा.

कारण अगदी स्वयंपाकघरातलं आहे. शिजलेल्या शेवया लांब असतील तर काट्याने एक उचलली की चार येतात. त्याच शेवयांचे बोटभर तुकडे केले तर ताटात ढीग होतो आणि एकेक सुटी होते. पॉलिमरच्या साखळ्याही एका ठराविक लांबीनंतर एकमेकींत गुंततात. पॉलिस्टायरीनमध्ये दोन गुंत्यांमधलं अंतर साधारण १८,००० मॉलिक्युलर वेटचं असतं. म्हणजे साखळीला धड दोन-चार ठिकाणी गुंतायचं असेल तर तिचं वजन लाखाच्या आसपास हवं. त्याच्या खूप खाली असलेल्या साखळ्या ताण आला की नुसत्या सरकून बाजूला होतात. तुमची फिल्म अशीच गेली. (पॉलिस्टायरीनची फिल्म तशीही ठिसूळच, पण काचेवरून सोडवताना पीठ होत नाही.)

एवढ्या लांब साखळ्या असतात हेच मुळात लोकांना पटत नव्हतं. १९२० साली हरमान श्टाउडिंगर यांनी मांडलं की रबर, स्टार्च यांसारखे पदार्थ म्हणजे छोट्या रेणूंचे गोळे नसून नेहमीच्याच सहसंयुज बंधांनी जोडलेल्या लांबलचक साखळ्या आहेत. त्या काळच्या नामवंत रसायनशास्त्रज्ञांना हे भलतंच वाटलं. त्यांच्या मते छोटे रेणू कशाने तरी चिकटून बसलेले असणार. श्टाउडिंगर यांना नोबेल मिळालं १९५३ साली. परिभाषेत आपण पॉलिमरला 'बहुवारिक' म्हणतो, शब्द चांगला आहे, पण कारखान्यात तो मी एकदाही ऐकलेला नाही.

आता नायलॉन. तुझा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण टोकांचा हिशोब तिथे सगळ्यात उघडा दिसतो.

एका मोठ्या मांडवात हजार माणसं आहेत. पाचशे लाल फेट्यांची, पाचशे पांढऱ्या. नियम एकच: लाल फेट्याने हात धरायचा तो पांढऱ्याचाच. प्रत्येकाला दोन हात, म्हणजे एकूण दोन हजार हात. लाल म्हणजे हेक्झामेथिलीन डायअमिन, पांढरे म्हणजे अ‍ॅडिपिक अ‍ॅसिड, आणि धरलेला हात म्हणजे अमाइड बंध, ज्यात पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. कोणीही कोणाशीही जोडलं जाऊ शकतं: सुटा सुट्याशी, दोघांची जोडी तिघांच्या रांगेशी. निम्मे हात धरले गेले तेव्हा किती गट उरले? पाचशे. सरासरी लांबी दोन. नव्वद टक्के हात धरले गेले की शंभर गट, सरासरी दहा. ९५ टक्क्यांना सरासरी वीस. ९८ ला पन्नास. ९९ ला शंभर. ९९.५ ला दोनशे.

कॅरॉदर्सचं सूत्र म्हणून तू जे पाठ केलंस, सरासरी लांबी बरोबर १ भागिले (१ वजा कन्व्हर्जन), ते म्हणजे एवढंच. कन्व्हर्जन म्हणजे धरल्या गेलेल्या हातांचं प्रमाण. भाजकात जे आहे ते शिल्लक टोकांचं प्रमाण. ९८ वरून ९९ वर गेल्याने हात एकच टक्का जास्त धरले गेले, पण रिकामे हात निम्म्यावर आले, म्हणून लांबी दुप्पट. तुझ्या ऑरगॅनिकच्या प्रॅक्टिकलमध्ये ९५ टक्के यील्ड आलं तर पेढे वाटशील. नायलॉन-६,६ मध्ये एका मोनोमरचा, म्हणजे मांडवातल्या एका माणसाचा, सरासरी वाटा ११३ धरला, तर ९५ टक्क्यांना मॉलिक्युलर वेट होतं जेमतेम २,२६०. त्याचा धागा निघत नाही. ९९ ला ११,३००, ९९.५ ला २२,६००. कपड्याचा, दोराचा नायलॉन या शेवटच्या एका टक्क्यात राहतो.

डुपाँ कंपनीत वॉलेस कॅरॉदर्स यांची मंडळी सुरुवातीला इथेच अडकली होती. पॉलिएस्टर बनवत होते, पण वजन चार-पाच हजारांच्या पुढे जाईना. कारण बाहेर पडणारं पाणी तिथेच थांबून उलटी क्रिया करत होतं. मग त्यांनी मॉलिक्युलर स्टिल लावून तीव्र व्हॅक्यूमखाली ते पाणी ओढून काढलं, आणि १९३० च्या एप्रिलमध्ये ज्युलियन हिल यांनी त्या वितळलेल्या मालातून काडीने धागा ओढला. थंड झाल्यावर पुन्हा ताणला तर तो आणखी मजबूत झाला. नायलॉन-६,६ पहिल्यांदा बनलं १९३५ च्या फेब्रुवारीत.

याच मांडवात आता दुसरी गंमत बघ. समज लाल फेटेवाले पाचशे आणि पांढरे चारशे नव्वद. पांढरे संपले की सगळ्या रांगांच्या दोन्ही टोकांना लाल फेटे उभे, एकमेकांकडे बघत. पुढे काही होणं शक्य नाही. दोन टक्के असमतोल असेल तर क्रिया शंभर टक्के झाली तरी लांबी शंभराच्या आसपास थांबते, आणि ९९ टक्केच झाली तर पन्नासवर. आता विचार कर, डायअमिन हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ओढून घेतं. तराजूवर वजन बरोबर, पण त्यात अमिन किती? म्हणून कारखान्यात दोन्ही वेगवेगळे मोजून ओतत नाहीत. आधी त्यांचं मीठ बनवतात, 'नायलॉन सॉल्ट', ज्यात आम्ल आणि अमिन आपोआप एकास एक येतात, आणि द्रावणाचा पीएच बघून उरलासुरला फरक दुरुस्त करतात. आणि इतका आटापिटा करून समतोल साधल्यावर जाणूनबुजून चिमूटभर अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड टाकतात! त्याला हात एकच. तो रांगेच्या टोकाला उभा राहिला की ती रांग तिथेच संपली. असं केलं नाही तर वितळवताना साखळ्या वाढतच राहतात आणि मालाची व्हिस्कॉसिटी (वाहताना जाणवणारा घट्टपणा) दर वेळी वेगळी लागते.

(प्रात्यक्षिकात दोन थरांच्या सीमेवरून नायलॉनची दोरी ओढून दाखवतात, तिथे एवढी काटेकोर मापं का लागत नाहीत, असा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येतो. तिथे अ‍ॅसिड क्लोराइड असतं, क्रिया फार वेगवान, आणि ती फक्त सीमेवर होते. सीमेवर आलेल्या नव्या रेणूला सुटा जोडीदार शोधण्याआधीच वाढत्या साखळीचं टोक गाठतं. म्हणून तिथे मापापेक्षा किती वेगाने रेणू सीमेवर पोचतात याला महत्त्व.)

आता टोकं कशी *वाढतात* ते सांगतो, कारण हे वर्गात शिकवत नाहीत आणि नोकरीत पहिल्याच पावसाळ्यात समोर येतं.

मी तेव्हा पाण्याच्या बाटल्यांचे प्रीफॉर्म बनवणाऱ्या एका कारखान्यात होतो. प्रीफॉर्म म्हणजे पेटची (पीईटी, पॉलिएस्टरचाच एक प्रकार) परीक्षानळीसारखी जाड नळी, तीच पुढे गरम करून फुगवली की बाटली. जुलै महिना. सकाळच्या शिफ्टला ड्रॉप टेस्टमध्ये बाटल्या बुडातून तडकायला लागल्या. प्रीफॉर्म दिसायला व्यवस्थित. दाणा नवा, त्याची आयव्ही, म्हणजे इन्ट्रिन्सिक व्हिस्कॉसिटी (द्रावणाच्या घट्टपणावरून साखळीच्या लांबीचा अंदाज देणारा आकडा), ०.८०, सर्टिफिकेटवर बरोबर. मशीनवाले म्हणाले दाणा खराब, दाण्यावाले म्हणाले मशीन खराब. ड्रायरचं पॅनल १६५ अंश दाखवत होतं, म्हणून ड्रायरकडे कोणी बघेना. मी प्रीफॉर्मचा तुकडा लॅबला दिला. आयव्ही आली ०.६५.

कुठेतरी पाणी मुरत होतं, तेही शब्दशः. ड्रायरमधली हवा गरम होती पण कोरडी नव्हती. ओलावा शोषणाऱ्या डेसिकंटचा रिजनरेशन हीटर रात्री ट्रिप झाला होता. गरम, दमट हवा दाण्यातून फिरत होती. तळच्या दाण्याचा ओलावा मोजला तर ३०० पीपीएम. हवा होता ५० च्या आत.

तीनशे पीपीएम म्हणजे किलोला ०.३ ग्रॅम पाणी. एवढ्याशा पाण्याने काय होतंय, असं सुपरवायझरने विचारलं, तेव्हा मी दाण्याच्या गोणीवरच हिशोब लिहून दाखवला. तो इथे जसाच्या तसा देतो. पेटचं सरासरी वजन सोयीसाठी २०,००० धरू. एक किलो मालात साखळ्या किती? १००० भागिले २०,०००, म्हणजे ०.०५ मोल, म्हणजेच ५० मिलिमोल. पाणी ०.३ ग्रॅम, भागिले १८, म्हणजे सुमारे १७ मिलिमोल. मशीनमध्ये २८० अंशांना पाण्याचा एक रेणू एक एस्टर बंध तोडतो, आणि एका साखळीच्या दोन होतात. सगळं पाणी खर्ची पडलं असं धरलं तर साखळ्या झाल्या ६७ मिलिमोल. सरासरी वजन: १००० भागिले ०.०६७, म्हणजे १५,००० च्या खाली. पाव हिस्सा गेला. आयव्ही वजनाच्या साधारण ०.७ व्या घाताने बदलते, तो घात घातला की ०.८० ची ०.६५ होते. कागदावर आणि लॅबमध्ये तोच आकडा.

न वाळवता, मुंबईच्या हवेत पडून राहिलेल्या दाण्यात ओलावा ०.२ टक्के सहज असतो. त्याचा हिशोब तू स्वतः करून बघ. उत्तर ६,२०० च्या आसपास यायला हवं. तो माल बाटलीच्या लायकीचा राहत नाही. उलट ५० पीपीएमला तोच हिशोब केलास तर वजन १८,९०० पर्यंतच उतरतं, ते चालतं. ५० ची मर्यादा कुणाच्या मर्जीवर ठरलेली नाही, ती या भागाकारातून आली आहे.

आता तुझ्या नळीकडे.

स्टायरीनची गोष्ट नायलॉनपेक्षा पूर्ण वेगळी. इथे कोणीही कोणाशीही जोडलं जात नाही. पेरॉक्साइड फुटतं, दोन रॅडिकल्स (एकटा इलेक्ट्रॉन घेऊन जोडीदार शोधणारे तुकडे) होतात, एखादं रॅडिकल स्टायरीनला चिकटतं आणि मग एकामागून एक दुवे धडाधड जोडत जातं. काही सेकंदांच्या आत हजारो दुवे, आणि मग दुसऱ्या रॅडिकलशी गाठ पडली की खेळ खलास. त्यामुळे १० टक्के कन्व्हर्जनला नळीत पूर्ण लांबीच्या साखळ्या असतात आणि ९० टक्के स्टायरीन अजून जसंच्या तसं, मधलं काही नाही. नायलॉनमध्ये १० टक्क्यांना सगळीकडे सुटे आणि जोड्या. नायलॉनची ती स्टेप ग्रोथ, स्टायरीनची ही चेन ग्रोथ. पेपरात 'स्टेप ग्रोथ आणि चेन ग्रोथमधील फरक लिहा' आलं तर पाच मुद्दे लिहायच्या आधी वेळ आणि लांबीचा हा एक आलेख काढ, बाकीचे मुद्दे त्यातूनच निघतात.

टोकं मोजू. स्टायरीनची दोन वाढती टोकं भेटली की बहुतेक वेळा ती एकमेकांना जोडलीच जातात, म्हणजे दोन रॅडिकल्समागे एक साखळी, तिच्या दोन्ही टोकांना पेरॉक्साइडचे तुकडे. (मिथाइल मेथाक्रिलेटमध्ये टोकं बऱ्याचदा न जोडता हायड्रोजनची देवाणघेवाण करून वेगळी होतात, तिथे दोन साखळ्या.) म्हणजे ढोबळमानाने पेरॉक्साइडचा जितका माल कामी आला तितक्या साखळ्या. पेरॉक्साइड हा इनिशिएटर, म्हणजे क्रिया सुरू करून देणारा; तो कॅटॅलिस्ट नव्हे, तो साखळीच्या टोकात कायमचा राहतो. तुम्ही चौपट घातला.

मग लांबी पाव का नाही, निम्मीच का? सूत्रात वर्गमूळ आहे एवढं तुला माहीत आहे. ते येतं असं: रॅडिकल्स चौपट वेगाने जन्माला येऊ लागली, पण गर्दी वाढली की ती एकमेकांना मारतातही जास्त. मरण्याचा वेग संख्येच्या वर्गावर चालतो, त्यामुळे संख्या दुप्पट झाली की मरणं चौपट होतं आणि जन्म-मृत्यू बरोबरीत येतात. म्हणजे कोणत्याही क्षणी जिवंत रॅडिकल्स दुप्पट, म्हणून स्टायरीन दुप्पट वेगाने संपतंय. पण साखळ्या चौपट वेगाने जन्मतायत. दुप्पट माल चौपट वाटेकऱ्यांत वाटला, प्रत्येकाच्या वाट्याला निम्मा.

याच्यावर तापमानाचा घाव. बेंझॉइल पेरॉक्साइडचं अर्धायुष्य ६० अंशांना दोनेक दिवसांचं, ९० ला साधारण तासाभराचं. दुवे जोडण्याचा वेगही तापमानाने वाढतो, पण पेरॉक्साइड फुटण्याच्या मानाने फारच कमी. म्हणून तापमान वाढलं की क्रिया जोरात पण साखळ्या आखूड. साठावरून नव्वदवर गेल्याने लांबी अडीच-तीन पटींनी उतरते. चौपट इनिशिएटरचा निम्मा धर, म्हणजे एकूण पाच-सहा पटींनी. शेजारच्या ग्रुपचं पॉलिमर दीड-दोन लाखांचं असेल तर तुमचं तीस हजारांच्या आसपास. गुंत्याची लांबी वर दिलीच आहे, १८,०००. चुरा होणारच होता.

आणि एक रागावण्यासारखी गोष्ट. स्टायरीनच्या एका मोलमागे सुमारे ७० किलोजूल उष्णता बाहेर पडते. शंभर ग्रॅम स्टायरीनमध्ये ती ६७ किलोजूल. ही सगळी आतच कोंडली गेली तर तापमान तीनशे अंशांहून जास्त चढेल, आणि स्टायरीन उकळतं १४५ ला. त्यात माल घट्ट होऊ लागला की जाड साखळ्यांची टोकं एकमेकांना शोधू शकत नाहीत, पण लहानगं स्टायरीन मात्र आरामात पोचतं. मरणं थांबतं, वाढ चालू राहते, वेग आणखी चढतो. याला जेल इफेक्ट म्हणतात, मेथाक्रिलेटमध्ये तर तो फारच उग्र. परीक्षानळी होती म्हणून निभावलं. मोठ्या फ्लास्कमध्ये चौपट इनिशिएटर आणि ९० अंश हा प्रयोग कधीही, कुणाच्याही सांगण्यावरून करायचा नाही.

आता सरासऱ्या. गावाची जमीन घे. दहा शेतकरी. नऊ जणांकडे एकेक एकर, पाटलांकडे अकरा. एकूण वीस एकर. 'शेतकऱ्याकडे सरासरी किती जमीन?' उत्तर दोन एकर. हे झालं नंबर अ‍ॅव्हरेज, एमएन. आता प्रश्न फिरव. डोळे मिटून गावातला एक गुंठा निवड आणि विचार, 'तुझ्या मालकाची एकूण जमीन किती?' वीसपैकी अकरा वेळा उत्तर येईल अकरा एकर, नऊ वेळा एक एकर. सरासरी: अकरा गुणिले अकरा, अधिक नऊ गुणिले एक, भागिले वीस. साडेसहा एकर. हे वेट अ‍ॅव्हरेज, एमडब्ल्यू. दोन्हींचं गुणोत्तर सव्वातीन. त्याला आता डिस्पर्सिटी म्हणतात, जुन्या पुस्तकांत पीडीआय. सगळ्यांची जमीन सारखी असती तर दोन्ही सरासऱ्या एकच आल्या असत्या.

दोन्ही कशाला हव्यात? टोकं किंवा साखळ्या मोजणाऱ्या सगळ्या पद्धती, टायट्रेशन असो वा ऑस्मॉमेट्री, शेतकरी मोजतात: लहान-मोठा सारखाच, मत एक. म्हणून त्या एमएन देतात. प्रकाश विखुरण्यावर आधारलेली पद्धत वजनदारांना जास्त भाव देते, ती एमडब्ल्यू देते. आणि मालाचे गुणही वाटले गेलेत. वितळलेल्या मालाची व्हिस्कॉसिटी गुंत्यांवर चालते, आणि गुंतवण्यात पाटील पुढे. गुंत्याच्या लांबीच्या वर गेल्यावर ती एमडब्ल्यूच्या ३.४ व्या घाताने वाढते. वजन दुप्पट झालं की व्हिस्कॉसिटी दहापटीहून जास्त! म्हणून खूप लांब साखळ्या बनवणं सोपं असलं तरी मशीनमधून ढकलणं परवडत नाही. बाजारातला प्रत्येक ग्रेड ही ताकद आणि वाहण्याची सोय यांतली तडजोड आहे. कारखान्यात तर आम्ही सरासऱ्यांच्या भानगडीत पडत नाही, एमएफआय (मेल्ट फ्लो इंडेक्स) बघतो: पॉलिप्रॉपिलीन असेल तर २३० अंशांना, २.१६ किलोच्या वजनाखाली, दहा मिनिटांत किती ग्रॅम माल छिद्रातून बाहेर आला. आकडा मोठा म्हणजे साखळी आखूड. नवीन मुलं इथे हमखास उलटं समजतात.

जीपीसीचा (साखळ्या आकाराप्रमाणे वेगळ्या करणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट हातात आला तर एक लक्षात ठेव. ते यंत्र वजन मोजत नाही, साखळीचा द्रावणातला फुगीरपणा मोजतं आणि पॉलिस्टायरीनच्या स्टँडर्डशी ताडून आकडा सांगतं. तुझा माल पॉलिस्टायरीन असेल तर ठीक. दुसरा असेल तर तो आकडा तुलनेपुरता.

टीजीबद्दल (ज्या तापमानाला थिजलेल्या साखळ्या हलू लागतात, ते ग्लास ट्रान्झिशन तापमान) तू विचारलं नाहीस, पण सूत्रं जुळत नाहीत म्हणालीस म्हणून थोडक्यात. पाण्याच्या बाटलीत उकळता चहा ओतला तर ती आकसून वेडीवाकडी होते. चहा टपरीवरून प्लास्टिकच्या पातळ पिशवीत बांधून आणायचे (बंदी येण्याआधी सर्रास), तर पिशवीला काही होत नसे. बाटली पेटची, तिचा टीजी पंचाहत्तरच्या आसपास. फुगवताना साखळ्या ताणल्या आणि तशाच थिजवल्या. चहाने टीजी ओलांडला, साखळ्यांना हलायला मोकळीक मिळाली आणि त्या गोळा व्हायला धावल्या. पिशवी पॉलिएथिलीनची. तिचा टीजी शून्याच्या कितीतरी खाली, म्हणजे ती आधीच 'हलती' आहे. तिला धरून ठेवतात ते तिच्यातले स्फटिक, आणि ते शंभराच्या वर, एकशेदहा ते एकशेतीसला वितळतात. तेव्हा 'किती तापमान सोसेल' या प्रश्नाला आधी विचारायचं: हा माल स्फटिकांच्या जोरावर उभा आहे की थिजलेपणाच्या?

इथेही टोकं येतात. साखळीचं टोक मधल्या भागापेक्षा जास्त वळवळतं, आजूबाजूला जागा मोकळी करतं. टोकं वाढली की टीजी उतरतो. पॉलिस्टायरीनचा शंभर अंशांचा टीजी एमएन १०,००० ला साधारण नव्वदवर येतो. तुमच्या तीस हजारांच्या मालात फरक तीन-चार अंशांचाच असेल. त्याहून जास्त उतरलेला दिसला तर साखळीला दोष देऊ नकोस, आत स्टायरीन उरलंय.

आता प्रयोग पुन्हा कर. स्टायरीनच्या बाटलीत साठवणुकीसाठी इनहिबिटर घातलेला असतो, तो १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडने धुऊन काढ, मग पाण्याने, मग निर्जल सोडियम सल्फेटवर वाळव. नायट्रोजन सोड, कारण ऑक्सिजन रॅडिकल गिळतो आणि तुला वाटत राहतं की क्रिया सुरूच होत नाही. सांगितलेलं इनिशिएटर, ६० अंश, आणि १०-१५ टक्क्यांवर थांब. घट्ट होईपर्यंत वाट बघितलीस तर जेल इफेक्ट मध्ये येऊन हिशोब बिघडवेल. टोल्युइनमध्ये पातळ करून दहापट मेथॅनॉलमध्ये बारीक धारेने ओत. साबुदाण्याच्या खिरीसारखं नाही, कापसासारखं तंतुमय पडायला हवं. तुमचा आधीचा माल नक्की पिठासारखा पडला असणार. व्हॅक्यूममध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळव.

मग उबेलोड व्हिस्कोमीटर काढ, टोल्युइन, बाथ २५ अंशांना. नवा माल आणि जुना माल, दोन्हींच्या चार-चार कॉन्सन्ट्रेशनला वेळ घे. माझा हिशोब बरोबर असेल तर जुन्याची इन्ट्रिन्सिक व्हिस्कॉसिटी नव्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकी निघेल. शेजारच्या ग्रुपकडे त्यांचा माल शिल्लक असेल तर चिमूटभर मागून घे आणि त्याचाही वेळ लाव.